मण्यापासून सुरुवात

सहावी-सातवीसाठी प्राचीन संस्कृतींचा अभ्यासक्रम आखताना मेसोपोटेमिया, इजिप्त, हडप्पा असे सुटे धडे करू नका. व्यापारापासून सुरुवात करा. आजच्या इराकमधल्या उर शहराच्या राजथडग्यांत लाल कार्नेलियनचे लांबट मणी सापडले, हडप्पा संस्कृतीच्या घडणीचे. उरमध्ये सिंधू लिपीतल्या मुद्राही मिळाल्या. मेसोपोटेमियाची कीलाक्षरं आज वाचता येतात, सिंधू लिपी मात्र अजून उलगडलेली नाही. हे मुलांना मोकळेपणानं सांगा. त्यांचे खरे प्रश्न इथूनच सुरू होतात.

मग हडप्पा संस्कृतीचा हा धागा महाराष्ट्रापर्यंत आणा: नकाशावर प्रवरेकाठचं दायमाबाद दाखवा. तिथं १९७४ साली ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. सनावळ्या नंतर येऊ द्या. पहिला अख्खा तास त्या मण्यांना द्या.