श्रेयांक जमा होतो, पण कोठे?

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे कमी शुल्कात शिकवणारे सार्वजनिक महाविद्यालय होय. इलिनॉय राज्यातील जॉलिएट येथे 1901 मध्ये अशा प्रकारची पहिली सार्वजनिक संस्था उभी राहिली, आणि पुढे 1960 च्या उच्च शिक्षणाच्या आराखड्याने, म्हणजे मास्टर प्लॅनने, कॅलिफोर्नियात या महाविद्यालयांतून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाण्याचा मार्ग राज्याच्या शिक्षणव्यवस्थेचाच भाग बनवला.

हा मार्ग श्रेयांकांवर, म्हणजे क्रेडिटवर, चालतो. सत्रभर आठवड्याला एक तास वर्ग आणि त्याला जोडून सुमारे दोन तास स्वाध्याय झाला की एक श्रेयांक धरला जातो. बहुतेक विषय तीन श्रेयांकांचे असतात आणि पदवीसाठी साधारणपणे 120 श्रेयांक लागतात. विद्यार्थ्याची फसगत होते ती पुढच्या टप्प्यावर, कारण विद्यापीठाने श्रेयांक स्वीकारणे आणि तो मुख्य विषयाच्या अटींपैकी एखादी अट पूर्ण करणारा मानणे, हे दोन स्वतंत्र निर्णय असून पहिला होकारार्थी आला म्हणजे दुसराही तसाच येतो असे नाही.

संवादशास्त्राच्या, म्हणजे कम्युनिकेशनच्या, पदवीत हा भेद विशेष जाणवतो. या एकाच नावाखाली काही विभाग वक्तृत्व, युक्तिवाद आणि परस्परसंवाद शिकवतात, तर काही वृत्तपत्रे, चित्रपट आणि जनमाध्यमे यांचा अभ्यास करतात; त्यामुळे माध्यमांचे विषय घेऊन आलेला विद्यार्थी वक्तृत्वप्रधान विभागात दाखल झाला, तर त्याचे श्रेयांक नोंदीत दिसतात खरे, पण ऐच्छिक विषयांच्या रकान्यात पडून राहतात आणि मुख्य विषयाचे पायाभूत वर्ग त्याला पुन्हा करावे लागतात. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, 2004 ते 2009 या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी 43 टक्के श्रेयांक वाया गेले. एवढी हानी केवळ विद्यार्थ्यांच्या निष्काळजीपणाने होत नसते.

कॅलिफोर्नियाने 2010 च्या कायद्याने यावर उपाय योजला. ठरवून दिलेले 60 श्रेयांक पूर्ण करून 'ट्रान्स्फर'साठीची सहयोगी पदवी, म्हणजे कम्युनिटी कॉलेजची असोसिएट डिग्री, मिळवणाऱ्यास कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेशाची हमी मिळते, आणि त्या पदवीशी मिळत्याजुळत्या अभ्यासक्रमात उरलेल्या 60 श्रेयांकांत पदवी पूर्ण होण्याची सोय असते. संवादशास्त्राचाही असा आराखडा आहे. मात्र ही हमी विद्यापीठ-समूहातील प्रवेशाची आहे, त्यातील पसंतीच्या परिसराची (कॅम्पसची) नाही, हे बारीक अक्षरातले कलम घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटते. राज्यभर समान विषय-क्रमांक देण्याचे काम त्यानंतर सुरू झाले, आणि सार्वजनिक भाषणकलेचा प्राथमिक विषय त्यातील पहिल्या काही विषयांपैकी एक आहे.

भारतातही विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये श्रेयांकांची अकादमिक बँक सुरू केली. तेथेही जमा श्रेयांक कोणत्या पदवीत धरायचा, हे पदवी देणारी संस्थाच ठरवते. कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या किंवा तेथे जाऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी म्हणूनच पहिल्याच सत्रात, विषयांची नोंदणी करण्यापूर्वी, कोणत्या महाविद्यालयाचा कोणता विषय कोणत्या सार्वजनिक विद्यापीठात कशासाठी धरला जातो हे 'असिस्ट' या राज्याच्या अधिकृत ऑनलाइन नोंदीत पाहावे, आणि प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम जपून ठेवावा.