पोर वाचते की नुसते म्हणते?



तुम्ही आता वाचू लागलात. एस.टी.ची पाटी कुणाला विचारावी लागत नाही. फार चांगले झाले. आज मला तुमच्या मुलांविषयी बोलायचे आहे. पहिली-दुसरीतल्या लहान मुलांविषयी.

पुष्कळ आईबाप मला सांगतात, "गुरुजी, आमचा बाळ्या सगळं पुस्तक घडाघडा वाचतो." मी बाळ्याला जवळ बोलावतो. तो पुस्तक उघडतो आणि खरोखरच घडाघडा सुरू करतो. पण नजर असते छपराकडे! मग मी पानावरच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवतो. "हे काय रे?" बाळ्या गप्प. ओठ हलवत तो मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणू लागतो.

म्हणजे बाळ्या वाचत नव्हता, म्हणत होता. पाठ येणे वाईट नाही. ओव्या, अभंग, पाढे आपल्याला असेच तर आले. पण ज्याला वाचता येते, त्याला कधी न पाहिलेला कागदही वाचता येतो. बाळ्याला तो येत नाही.

आणि बाळ्या एकटा नाही. २०२४ साली देशातल्या खेड्यांत 'असर' नावाची पाहणी झाली. घरोघरी जाऊन मुलांना वाचायला दिले. तिसरीतल्या दर १०० मुलांपैकी सुमारे २७ मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. बाकीच्यांचे पुढे काय होते? गणितसुद्धा अडते. बाजारात पैशाचा हिशेब तोंडी करणारे पोर वहीतल्या गणितापाशी थांबते, कारण गणितात काय विचारले आहे तेच त्याला वाचता येत नाही. लोक त्याला ढ म्हणतात. हळूहळू तेही स्वतःला ढ समजू लागते. मग शाळेची वेळ झाली की पोटात दुखते.

मूल अडते कुठे, ते पाहा. ते एकेक अक्षर लावते. क, म, ळ. घ आणि ध त्याला सारखेच दिसतात, भ आणि म सारखेच. जोडाक्षर आले की दम लागतो. शब्दाच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. मग अर्थ कसा कळणार? रोजच्या पायवाटेने जाताना आपण पायाखाली बघत नाही. शब्दाचेही तसेच आहे. तोच शब्द पुष्कळदा डोळ्यांखालून गेला, की तो एका नजरेत ओळखू येतो. तेव्हा कुठे मन गोष्टीकडे जाते.

म्हणून रात्री जेवणे झाली की पाव तास मुलाला शेजारी घेऊन बसा. मोबाइल तेवढा वेळ बाजूला ठेवा, तुमचासुद्धा! चार-पाच ओळी घ्या. आधी तुम्ही बोट फिरवत सावकाश वाचा. मग दोघे मिळून वाचा. मग त्याला एकट्याला वाचू द्या. त्याच ओळी तीन-चार दिवस घ्या. मूल अडले तर लगेच सांगू नका. मनात पाचपर्यंत मोजा. तरी आले नाही तर शब्द सांगा आणि पुढे चला. वाचून झाले की विचारा, "काय झालं रे गोष्टीत?"

टपली मारू नका. हसू नका. पाहुण्यांसमोर तर मुळीच वाचायला लावू नका. तिथे एकदा फजिती झाली की पोर महिनाभर पुस्तकाला हात लावत नाही.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्हीच अडखळतो." अडखळा की! आई अक्षर लावून लावून वाचते, हे पोराला दिसले तर त्याची भीती जाते. तुमची चूक त्याने दाखवली तर रागावू नका. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढेल. आणि मुलगा पुस्तकाशी बसला असताना मुलीला भांड्यांना बसवू नका. तिलाही तोच पाव तास द्या.

वाचायला काय द्यावे? 'बालभारती'चे पुस्तक घरात असतेच. लग्नपत्रिका द्या, बियाण्याची पिशवी द्या, रेशन दुकानाची पाटी वाचू द्या. पण मुलाला खरी गोडी लागते गोष्टींच्या पुस्तकांची. काही शाळांत ही पुस्तके कपाटात कुलूपबंद असतात. का, तर मुले फाडतील! अहो, फाटू द्या. खळ लावून चिकटवता येतात. कोरे राहिलेले पुस्तक कुणाच्या कामाचे?

शनिवारी सकाळी मी आपल्या शाळेत जाणार आहे. कपाटात काय आहे ते पाहू आणि मुलांना पुस्तके घरी नेऊ देण्याविषयी गुरुजींशी बोलू. चार पालक बरोबर असले तर बरे. कोण कोण येता?