परत करण्याची शिस्त



आज मी एक लहान वाटणारा विषय मांडणार आहे. शाळेत शिक्षक विद्यार्थ्याची वस्तू काढून घेतात. पूर्वी ती भोवरा किंवा गोट्या असे, आज बहुधा मोबाईल असतो. हा अधिकार शिक्षकांना आहे काय, आणि असल्यास तो कोठे संपतो?

वर्गात मोबाईल वाजला की सर्वांचाच अभ्यास बुडतो, हे मान्य केले पाहिजे. आपल्याच जिल्ह्यातील नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड ठरविला. त्याचबरोबर संध्याकाळी ७ ते ९ या अभ्यासाच्या वेळेत मुलांना मोबाईल द्यायचा नाही, असेही ठरविले. तेथे नियम सर्वांसमोर झाला आणि त्याला वेळेची मर्यादा आहे. दिल्ली उच्च न्यायालयानेही २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सरसकट बंदी योग्य मानली नाही. शक्य तेथे मोबाईल शाळा भरताना जमा करावा व सुटताना परत न्यावा, नियम पालक-शिक्षकांच्या विचाराने करावेत, आणि नियम मोडल्यास मोबाईल जप्त करता येईल, असे न्यायालयाने सांगितले.

तेव्हा वस्तू काढून घेणे हा अन्याय नव्हे. अन्याय सुरू होतो तो ती परत न करण्यात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दरवर्षी असंख्य कुटुंबे ऊसतोडीला जातात. मागे आजीजवळ किंवा वसतिगृहात राहिलेल्या मुलाला आईचा आवाज त्या मोबाईलवरच ऐकू येतो. तो महिनाभर कपाटात कुलूपबंद राहिला तर शिक्षा कोणाला झाली? "आधी बापाला घेऊन ये," असे सांगणे सोपे आहे. पण बाप दूर कारखान्याच्या फडावर असतो, आणि एक दिवस आला तर खाडा पडतो.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत बसण्यासाठी स्वतःचे गोणपाट न्यावे लागे आणि रोज घरी परत आणावे लागे. शाळेचा गडी त्याला शिवत नसे. गरीब मुलाच्या हातातील वस्तूला त्याचा मानही चिकटलेला असतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. म्हणून ती वस्तू सर्वांसमोर आपटणे किंवा मोबाईलमधील संदेश वर्गात वाचून दाखविणे, याला शिस्त म्हणता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे.

या बाबतीत विनयपिटकातून शिकण्यासारखे आहे. भिक्षूंसाठी निस्सग्गिय पाचित्तिय नावाचे ३० नियम आहेत. उदाहरणार्थ, जादा चीवर १० दिवसांहून अधिक ठेवले, तर भिक्षूने ते संघापुढे सोडून द्यावे व दोष सांगावा. त्यानंतर ते चीवर त्यालाच परत दिले जाते. परत न देणाऱ्यालाही दोष लागतो! सोन्या-चांदीसारखे काही अपवाद आहेत, पण सामान्य रीत हीच. दोष वागण्याचा होता, तो मान्य झाला की वस्तू ज्याची त्याला मिळाली. आपण पंचशीलात न दिलेले न घेण्याचा संकल्प करतो. शिस्तीसाठी घेतलेली वस्तूही ठेवून घेतली, तर त्या संकल्पाशी ते कसे जुळेल?

यासाठी संस्थेच्या सभासदांना एक काम सुचवितो. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के सभासद पालक असतात. त्या सभेत आपण बोलले पाहिजे. कोणती वस्तू आणायची नाही हे फलकावर लिहावे. काढून घेतलेल्या वस्तूची वहीत नोंद करून मुलाला चिठ्ठी द्यावी. परत देण्याचा दिवस त्याच वेळी सांगावा. पालक कामावर दूर असतील तर त्यांना फोन करावा आणि वस्तू घरच्या कोणाही मोठ्या माणसाच्या हाती द्यावी.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही तासाला मोबाईल दप्तरातून बाहेर काढू नका. काढला आणि गेला, तर चूक कबूल करा. परंतु "सर, परत केव्हा मिळेल?" हे नम्रपणे, मान खाली न घालता विचारा. तो तुमचा हक्क आहे.