लाकडाचा डोह

कुंभकोणमहून पूर्वेकडे कावेरीच्या काठाने निघाले म्हणजे थोड्याच वेळात तिरुविसनल्लूर हे गाव लागते. नाव तमिळ, परिसर तमिळ. पण मराठी माणसाने या गावाला अगदीच परके समजू नये. तंजावरचे शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजीराजांचे चिरंजीव आणि शिवछत्रपतींचे पुतणे, यांनी 1693 साली हे गाव 40 हून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला शहाजीराजपुरम् असे नाव पडले. त्या पंडितांच्या काळातलेच श्रीधर वेंकटेश अय्यावाळ. त्यांच्या घरच्या विहिरीत साक्षात गंगा अवतरली अशी येथील श्रद्धा आहे. कार्तिकातल्या अमावास्येला त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करायला आजही शेकडो माणसे पहाटेपासून रांग लावतात.

ज्या गावाने एका विहिरीत गंगा सामावून घेतली, त्या गावात मला एक लहानसा डोह लाकडाच्या पेटीत बसवायचा होता. त्याचीच हकीकत आज सांगणार आहे.

माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी शोभेच्या माशांच्या दुकानातून बोटाएवढा एक मासा आणला. काळी पाठ, पांढरे पोट, तांबडे शेपूट आणि तोंडाशी लांब मिशा. शास्त्रीय लेखांत या जातीच्या माशांना मार्जारमीन म्हणतात. आपल्याकडचे मागूर, शिंगी, शिंगाळा हे याच गोतावळ्यातले. संस्कृतातला पाठीनही बहुधा त्यांच्यातलाच; अमरकोशाने त्याला सहस्रदंष्ट्र असा पर्याय दिला आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त तर मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि कोणत्या माशाला काय खाऊ घालून वश करावे हेही त्यात सांगितले आहे. म्हणजे या मिशाळ मंडळींचा आपला परिचय जुना आहे.

पण भाच्याचा मासा आपल्याकडचा नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांचा. दुकानात तो तीन इंचांचा असतो. वाढला म्हणजे चार फुटांपर्यंत जातो आणि वजन चाळीस किलोंच्याही पुढे. विकणाऱ्याने ही गोष्ट सांगितली नव्हती, आणि घेणाऱ्यानेही विचारली नव्हती. वर्षभरात तो फूटभर झाला, दुसऱ्या वर्षी दोन फुटांवर गेला. चार फुटी काचेच्या टाकीत त्याला वळताना अंग दुमडावे लागे. बरोबरचे सगळे मासे त्याने केव्हाच गिळले होते.

एके संध्याकाळी भाचा म्हणाला, “मामा, याला कावेरीत सोडून देऊ या का? पाणीही मिळेल आणि पुण्यही लागेल.”

त्याच्या बोलण्यात दया होती, म्हणूनच मला उत्तर देणे जड गेले. असल्याच दयेने देशातल्या पाण्यांत आज परके मासे भरले आहेत. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून घरोघर पाळलेला, अंगावर कवच असलेला अमेरिकन मार्जारमीन तमिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल येथल्या जलाशयांत पसरला आहे. तो काठ पोखरतो, कोळ्यांची जाळी फाडतो, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. आफ्रिकेतल्या मागुराच्या पैदाशीवर तर सरकारला बंदीच घालावी लागली. 2018 च्या महापुरानंतर केरळातल्या नद्यांत ॲमेझॉनचा अजस्र अरापैमा सापडला होता; तोही कोणाच्या तरी टाकीतूनच निसटलेला. मी भाच्याला म्हटले, “नदीत नाही. आपण आणला, आपणच त्याला जागा करायची.”

म्हणायला सोपे होते. चार फुटी मासा अंग न दुमडता वळायचा तर टाकी सहा फूट रुंद हवी. लांबी बारा फूट धरली, पाण्याची खोली तीन फूट. हिशेब केला तेव्हा पाणी सहा हजार लिटरांवर गेले, म्हणजे वजन सहा टनांवर. एवढी टाकी सबंध काचेची करायची तर मागच्या दाराची शेती विकावी लागली असती. म्हणून लाकूड.

पाण्याचा स्वभाव मला या कामातच नीट कळला. त्याचा दाब टाकीच्या लांबीरुंदीवर नव्हे, खोलीवर अवलंबून असतो. तीन फूट पाणी हौदात असो की समुद्रात, तळाशी दाब तोच. मात्र खोली दुप्पट केली की भिंतीवरचा एकूण भार चौपट होतो. कारण दाबही वाढतो आणि तो झेलणारी भिंतही वाढते. आमच्या बारा फुटी भिंतीला तीन फूट पाणी सुमारे दीड टनाने बाहेर रेटणार होते. सुतार हे ऐकून हसला आणि म्हणाला, “होडी बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, ही आतले बाहेर जाऊ देणार नाही. उलटी होडी आहे, एवढेच.” तो कधी होडी बांधायला गेला नव्हता, तरी त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते.

परसात काँक्रीटचा ओटा घातला, कारण इथली गाळाची माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. त्यावर सागाची चौकट, आणि चौकटीला आतून अठरा मिलीमीटर जाडीच्या प्लायवुडचे दोन थर, सांध्यावर सांधा येणार नाही असे. पिंपाला लोखंडी पट्ट्या असतात तशी तळाशी व माथ्याशी चौफेर जाड लाकडाची पट्टी फिरवली. लांब भिंत मधोमध फुगते, म्हणून माथ्यावर दोन आडव्या तुळया टाकल्या. काचेची खिडकी समोरच्या बाजूला, सहा फूट लांब आणि दोन फूट उंच. ती बाहेरून नव्हे, आतून बसवायची. म्हणजे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरते. मला ही सगळ्या कामातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

कोकणातले होडीवाले फटींत कापूस भरून त्यावर तेलाराळेचा लेप देत. आम्ही काचतंतूंचे कापड आणि इपॉक्सी वापरले. इथे माझी चूक झाली. ईशान्य मान्सूनचे दिवस होते, लाकडात ओल होती, आणि सुतार “थांबा” म्हणत असताना मी घाई केली. आठ दिवसांनी पाणी भरले तर एका कोपऱ्यातून थेंब झिरपू लागले. लेपाखाली ओल कोंडून फुगा आला होता. सहा हजार लिटर पाणी केळीच्या बागेत सोडले, तो कोपरा खरवडून काढला, आणि पोंगलनंतर कोरडी हवा आल्यावर पुन्हा लेप दिला. सुतार एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

दुसऱ्यांदा टाकी कोरडी राहिली. तरीही मासा सोडला नाही. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया सुटतो, आणि तो त्याच्याच कल्ल्यांना जाळतो. त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जीवाणू गाळणीत रुजायला पाच-सहा आठवडे लागतात. दोन मोठ्या पिंपांत विटांचे तुकडे आणि नायलॉनच्या जाळ्या भरून त्यांतून पाणी फिरवत ठेवले. उरते ते नायट्रेट. त्यासाठी दर आठवड्याला काही पाणी बदलायचे आणि काढलेले नारळांना घालायचे. झाडे त्यावर खूश आहेत. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेतला.

मासा हलवायचा दिवस ठरला तेव्हा भाचा जाळे घेऊन आला. मी ते बाजूला ठेवायला लावले. या माशांच्या कल्ल्यांमागच्या परांत ताठ काटे असतात. ते जाळ्यात अडकले म्हणजे मासाही जायबंदी होतो आणि माणसाचा हातही. ओल्या ताडपत्रीची झोळी करून चौघांनी त्याला उचलले. वीस पावलांचे अंतर, पण ते संपता संपेना.

पाण्यात गेल्यावर तो तासभर तळाशी निपचित पडून राहिला. भाचा काचेला नाक लावून बसला होता, जेवायलाही उठला नाही. मग मिशा हलल्या. मासा भिंतीच्या कडेने, लाकूड चाचपडत, हळूहळू पुढे सरकला आणि कोपऱ्याशी आला. तिथे क्षणभर थांबला, आणि अंग न दुमडता पुरा फिरून परत आमच्याकडे निघाला.

“मामा, वळला,” भाचा हळूच म्हणाला.

मी परसातला दिवा मालवला. नव्या जागी पहिल्या रात्री अंधारच बरा असतो.