मन खचले तर डॉक्टरांना सांगा

मुरुडच्या बागायतदार बंधू-भगिनींनो,

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. नवी सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर मनही खचते. झोप न लागणे, छातीत धडधड, अंगदुखी, कशातच रस न वाटणे असे दोन आठवडे राहिले, तर नेहमीच्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. जीव नकोसा होतो का, असे त्यांनी विचारल्यास लपवू नका. ते रक्तक्षय, थायरॉईडही तपासतील. औषधाचा गुण दोन ते चार आठवड्यांनी दिसतो. बरे वाटताच आपल्या मनाने बंद करू नये. घरात कोणी मरणाची भाषा केल्यास एकटे सोडू नका, कीटकनाशके कुलपात ठेवा आणि १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. बाग पुन्हा लावता येते, माणूस जपा.