ताऱ्याच्या वाऱ्याने घडलेला तेजोमेघ

आश्विनात पावसाळा सरला की बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या माथ्यावरून हंस तारकासमूह रात्रीच्या प्रारंभी उत्तरेकडे उंच दिसतो. १७९२ मध्ये विल्यम हर्शेलने त्यात एक तेजोमेघ शोधला. तेथील महाकाय ताऱ्याचा वेगवान वारा त्यानेच पूर्वी टाकलेल्या संथ वायूवर आदळतो. त्यातून घडलेले कवच ताऱ्याच्या अतिनील किरणांनी उजळते आणि चंद्रकोरीसारखे भासते.

त्याचे छायाचित्र क्षणात मिळत नाही. पृथ्वीच्या फिरण्यानुसार दुर्बीण वळवीत, हायड्रोजनचा तांबडा प्रकाश तासन्‌तास साठवावा लागतो. आकाशाकडे उधळलेल्या दिव्यांच्या उजेडात तो मंद प्रकाश बुडतो. म्हणून दिव्यांचा झोत जमिनीकडे वळवावा. निर्मळ काळोख हेही जिल्ह्याचे धन आहे; ते राखलेच पाहिजे.