पंधरा सेकंदांची परीक्षा



विमानाचा प्रवासी खूश कशाने होतो? ऐसपैस खुर्चीने, की स्वस्त तिकिटाने? स्कँडिनेव्हियातली एसएएस ही विमान कंपनी तोट्यात असताना, 1981 मध्ये यान कार्लसन तिचे प्रमुख झाले. त्यांचा हिशेब साधा होता. वर्षाला सुमारे एक कोटी प्रवासी, प्रत्येकाची गाठ सरासरी पाच कर्मचाऱ्यांशी, दर वेळी जेमतेम 15 सेकंद. कंपनीचं नाव राहतं किंवा जातं ते इथेच. म्हणून वरिष्ठांना न विचारता जागच्या जागी निर्णय घेण्याची मुभा त्यांनी काउंटरवरच्या माणसाला दिली.

कार्लसन एक किस्सा सांगत. एक अमेरिकी उद्योजक स्टॉकहोमच्या हॉटेलात तिकीट विसरून विमानतळावर पोचला. काउंटरवरच्या बाईंनी त्याला आधी बोर्डिंग कार्ड दिलं, मग हॉटेलला फोन लावला आणि गाडी पाठवून तिकीट मागवून घेतलं!

त्याच 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासाच्या मैलांवर बक्षीस देणारी योजना आणली. अशा पॉइंटांच्या लोभाने प्रवासी टिकतो. पण अडचणीत वाऱ्यावर सोडलं, तर तो लोभही सुटतो. विमानाच्या उशिरापेक्षा जास्त चीड येते ती कुणी काही सांगत नाही याची.

आपल्याकडे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला, तर वेळेत हजर झालेल्या प्रवाशांच्या खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. ती सोय हक्काने, पण शांतपणे मागा.